दिनकरचं ‘ओके, बॉस’

आदिलाबाद, मंगळवार, जानेवारी १९४५

दिनकरला आज तहसीलदारसाहेबांनी खुर्ची दिली. हा माझा चुलतभाऊ, मॅट्रिक नापास. आसामात अमेरिकन पलटणीच्या गोदामात राहून आला, तर साहेबांसमोर खिशात हात घालून “ओके, बॉस” म्हणतो. साहेब हसतात, “बैठिए” म्हणतात. मी त्यांचा कारकून, इंग्रजीचं अख्खं व्याकरण पाठ, आणि त्या खोलीत आजवर उभा. असं काऊन, का म्हणून?

दुपारी लाज सोडून त्यालाच विचारलं. म्हणाला, “दादा, तुमी परीक्षा देऊन राह्यल्यावानी बोलता. जरा ढिलं बोला ना.”

कचेरीमागच्या चिंचेखाली जाऊन ढिलं बोलून पाहिलं. एकट्याला चांगलं जमत होतं.

संध्याकाळी साहेबांनी जमिनीच्या दाव्याची मिसल, कागदांची जाडजूड फाईल, मागितली. मी खिशात एक हात घातला आणि म्हणालो, “ओके, बॉस.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “क्या कहा?”

“जी हुजूर,” मी म्हणालो. हात कधी बाहेर आला, कंबर कधी वाकली, कळलं नाही.

दिनकरची खुर्ची तिथंच होती, रिकामी. टेबलावर जागा नव्हती. साहेब म्हणाले, “मिसल उस पर रख दो.”

ठेवली. मिसलीलाही खुर्ची मिळाली.