बाळ हललं नाही त्या सकाळी

नववा महिना लागल्यापासून नीराच्या पायांवर इतकी सूज होती, की ती नवऱ्याच्या, पद्माकरच्याच चपला घालायची. बाळ दिवसभर लाथा मारायचं. आज सकाळपासून मात्र ते हललं नव्हतं. पद्माकर कामावर पादरा गावी गेलेला, सासूबाई खंडेराव मार्केटला. कुशीवर पडून, गार पाणी पिऊनही पोट गप्पच होतं. रडूही येईना. उठून तिने चिठ्ठी लिहिली:

"आई, मी रिक्षाने दवाखान्यात जातेय. शेजारच्या हंसाबेन सोबत आहेत. दूध तापवलंय, कुकर लावायचा राहिला. ह्यांना फोन करू नका, उगाच धावत येतील. तुमची बी.पी.ची गोळी ताटलीत ठेवलीय. नीरा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर, मग भरभर ठोके.

"संभळाय छे ने?" त्यांनी हसून विचारलं.

ऐकू येत होतं. नीराने मान हलवली. आनंद अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

इतक्यात भाजीची पिशवी घेऊनच सासूबाई धापा टाकत आत आल्या.

"आई, तुम्ही कशाला आलात?"

"चिठ्ठीत दुधाचं होतं, कुकरचं होतं, माझ्या गोळीचंसुद्धा होतं," त्या म्हणाल्या. "बाळाचं काहीच नव्हतं. म्हणून आले."