शेडच्या दारातलं घमेलं

२ मार्च
हे कायमचे घरी आले त्याला आता महिना होत आला. आख्खी उमर मदुरैत सोनं गाळण्यात गेली. दिवाळी आणि गावची जत्रा, एवढंच काय ते घर. आता तिकडं मशिनं आली, दुकानात पूर्वीएवढी माणसं लागत नाहीत. धाकट्या भावोजींच्या हाती दुकान देऊन आले.
सकाळी मी डबा घेऊन बेदाण्याच्या शेडवर निघते तेव्हा हे दारात उभे. सगळ्या गल्लीचं हेच चाललंय. बायका डबे घेऊन बाहेर, बाप्ये कट्ट्यावर.
आज ह्यांनी विचारलं, "सांच्याला कवा येणार?" हा प्रश्न आजवर फोनवर मीच विचारायची. लय बरं वाटलं.

५ मार्च
शेडच्या शेठना गडी पाहिजे. खोकी उचलायला, झाडलोटीला. भीतभीत घरी सांगितलं. निवडणीच्या बायकांवर मुकादम मी, म्हणजे हे माझ्या हाताखाली...
जेवण झालं. मग स्वतःचं ताट घासून ठेवलं आणि म्हणाले, "किती वाजता यायचं?"

६ मार्च
पहिला दिवस. कप्पाळ माझं.
सुटायच्या वेळी बघते तर दारात पाण्याचं घमेलं आणि शेजारी हातात झाडू घेऊन हे. एकेकीला अडवून, "पदर झटका. पाय बुडवा. मग जावा." सोन्याच्या दुकानात असंच करतात म्हणे. अंगावरचा कण न कण झटकायचा, पाय धुवायचे, केर आणि ते पाणीसुद्धा राखून ठेवायचं. त्यात सोनं उतरतं. सवयीनं केलं असणार. पण बायकांना वाटलं झडती घेतोय. शोभाकाकू आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात तिखट. पदर खोचून पुढं आल्या, "आमी काय बेदाणं चोरतो व्हय रं?"
मग मलाच बोलावं लागलं. सगळ्यांसमोर. "आवं, हितं सोनं न्हाई. घमेलं उचला, आन् काकूंची माफी मागा."
मागितली. घरापर्यंत माझ्या पुढं चार पावलं चालत राहिले. उद्या येतात का...

७ मार्च
आले! माझ्या आधी शेडवर हजर. डबापण त्यांनीच केला, तिकडचा चिंचेचा भात. काकूंनी नाक मुरडत दोनदा घेतला.

१२ मार्च
भावोजींचा फोन. मदुरैतच दुसरं दुकान काढतायत, अक्षयतृतीयेला उघडायचं. "दादा, तुज्याशिवाय न्हाई जमायचं." हे नुसतं "आमा, आमा" करत होते. तिकडचं 'हो'. ऐकतोय म्हणून हो की येतो म्हणून हो, काही कळेना. माझी भाकरी करपली.
मला नकोय त्यांनी परत जायला. इथं लिहिते, तोंडानं म्हणणार नाही. माझ्यामुळं अडकले असं नको.

२४ मार्च
शोभाकाकूंची चमकी हरवली. निवडता निवडता शिंकल्या आणि नाक रिकामं. गेल्या दिवाळीत स्वतःच्या पगारातून केलेली. बेदाण्यात बघितलं, चटईखाली बघितलं. एवढी खमकी बाई, रडकुंडीला आली. मग मलाच म्हणाल्या, "सुनंदे, त्ये घमेलं कुठाय? आण म्हण की त्येला."
हे उठले. एकीलाही जागचं हलू दिलं नाही. एकेकीनं पदर झटकले, पाय बुडवले, कुणी कुरकुरलं नाही. मग सगळा केर त्याच पाण्यात. घमेलं हळूहळू गोल फिरवायचं, वर आलेला काडीकचरा हातानं सारायचा, परत फिरवायचं. ह्यांचं काम मी आज पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं नुसतं ऐकून होते. बघतच राहिले, बायका मला कोपरानं ढोसत होत्या तरी.
तळाला चमकी.
काकू नाक पुसत म्हणाल्या, "आता रोज ठेव रं दारात. उनाचं पाय तरी गार व्हत्यात."

२ एप्रिल
घमेलं रोज असतं. सुटताना दारात रांग लागते. कुणीतरी आज मोगरा टाकला होता. शेठ बघायला आले, चप्पल काढून पाय बुडवले आणि गेले.
भावोजींनी मोबाइलवर तिकीट पाठवलंय. नुसतं जायचं, परतीचं नाही. ह्यांनी दाखवलं नाही. मी चोरून बघितलं. दिवसभर मी हिरव्या मालात पिवळा मिसळत होते, काकूंनी दोनदा टोकलं.

१५ एप्रिल
आज ऐन निवडणीत हे पुढ्यात येऊन उभे, टोपी हातात. सगळ्या बायकांचे कान इकडं.
"मुकादम, भावाच्या दुकानाचं उद्घाटन हाय. आठ दिस रजा पायजे."
रजा. इतकी वर्षं बॅग उचलायची आणि निघायचं, एवढंच. रजा कधी मागितली नव्हती, मला तर नाहीच. काकू तोंडाला पदर लावून खुसखुसायला लागल्या. मला वर बघवेना. शेठना विचारून सांगते, म्हटलं. खरं तर रजा मीच देते, हे ह्यांनाही माहीत आहे.
घरी आल्यापासून दोनदा विचारून झालं, "मंजूर झाली का?"
अजून सांगितलेलं नाही.