७०६६१२३७

६ एप्रिल १९३४, क्वेन्का
आज तीन भागाकार. एकानंही भाग गेला नाही. उरले चार!
डोळे जायच्या आधी बाबांनी ही संख्या काढली. ती मूळ आहे, कशानंच तिला भाग जाणार नाही, हा त्यांचा हट्ट. सिद्ध मी करायचं. ८४०६ च्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागायचं — हजारावर भागाकार. पावणेदोन वर्षं झाली. "संख्या संपव आणि खुशाल जा," हा त्यांचा शब्द. ग्वायाकिलच्या शाळेनं गणिताची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे.

७ एप्रिल
"कुठवर आलीस, ओतिलिया?"
मी सांगत नाही. भागाकाराचा एकही आकडा आजवर त्यांना सांगितलेला नाही. तेवढं एक माझं.
"ताळा जुळतो ना?"
"जुळतो."
रोसेंदा मावशी उकडलेल्या मक्याचे दाणे, मोते, वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, त्या आकड्याशीच लग्न लावून द्या हिचं. सासू तरी नाही!" बाबा खो खो हसले. मला संताप आला.

९ एप्रिल
वही चाळायला नको होती!
फेब्रुवारीचं पान. भागायचं होतं ७९१९ नं, मी भागलं ७९९१ नं. बाकी ४८१५. ताळा जुळला — जुळणारच! अंकांच्या बेरजेनं घ्यायचा ताळा. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. बाबांनी तीस वर्षं शाळेत हाच ताळा शिकवला.
बरोबर आकड्यानं पुन्हा भागलं. ८९२३, बाकी शून्य.
तीनदा केलं. शून्यच.

१० एप्रिल
सांगितलं तर बाबा नवी संख्या काढणार, आणि मी पुन्हा तीनानं भागायला बसणार. तेहतिसाव्या वर्षी! नाही सांगितलं तर म्हातारा आंधळा माणूस माझं खोटं कवटाळून मरणार. आणि मी पोरांना गणित शिकवणार, कुठल्या तोंडानं? या घरात श्वास कोंडतो.

१२ एप्रिल
मावशीला सांगितलं.
"बाकी शून्य म्हणजे काय गं?"
"म्हणजे मी इथंच."
"मग थोडं उरलं म्हणून सांग की! भाजीचं सांगतो तसं."
हसता हसता रडू आलं.

१४ एप्रिल
शेवटचा भागाकारही झाला. उद्या खोटं बोलणार. माझी मलाच लाज वाटते.

१५ एप्रिल
"बाबा, संपली. कशानंही भाग गेला नाही. मूळ आहे."
वाटलं, आनंदानं रडतील. चेहरा पांढराफटक. कॉफीचा पेला दूर सारला. मग म्हणाले, "असं कसं होईल, पोरी? ७९१९ नं पुन्हा भागून बघ."
पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं त्यांना. गुणाकार करूनच बनवली होती संख्या — मला शेवटाशी अडवणारी.
मी ट्रंक भरते आहे.