नाही म्हणून लक्षात ठेवलेलं नाव

नाना, आज जळगावला, मी शिकवते त्या कॉलेजात, एका विद्यार्थिनीने एका संगणकावर फाइल तयार केली. तारेने जोडलेला शेजारचा संगणक म्हणत राहिला, अशी फाइल नाही. "मॅडम, इथं समोर दिसतेय, तरी तो नाहीच म्हणतोय." मी तिला थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने तो हो म्हणाला. तिला गंमत वाटली. मला वाटली नाही.

तुम्हाला हे समजेल, कारण हे काम तुम्ही केलेलं आहे. संगणकाचा सगळा कारभार ज्याच्या हातात असतो तो गाभा दरवेळी नाव शोधायला डिस्कवर जात नाही. एकदा शोधलेली नावं जवळ ठेवतो. नाव विचारलं की त्याचा एक आकडा काढतो आणि त्या आकड्याच्या रांगेतच बघतो. आकडा जुळला तर लांबी, लांबी जुळली तर अक्षरं. तुम्ही धुळ्याला दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसून आधी गाव विचारायचा, मग नाव, मग बापाचं नाव. पिंपळनेरच्या माणसासाठी सावद्याच्या नावांकडे तुमचं मन वळतही नसे. वॉर्डातली मावशी म्हणायची, "नानाना डोकामा बठ्ठा दवाखाना शे," सगळा दवाखाना तुमच्या डोक्यात. तुम्ही हसायचा नाही, पण त्या दिवशी डबा पूर्ण संपायचा.

गाभा आणखी एक गोष्ट जवळ ठेवतो. जे नाव सापडलं नाही तेही, नाही म्हणून. पुन्हा कोणी विचारलं की जागचं न हलता उत्तर. त्याच यंत्रावर फाइल तयार झाली तर तो नकार तिथल्या तिथे पुसला जातो. दुसऱ्या यंत्रावर झाली तर याला कळत नाही. ठरलेली मुदत संपेपर्यंत हा नाही म्हणत राहतो, आणि खऱ्या नकारात आणि या नकारात ऐकणाऱ्याला काही फरक दिसत नाही.

मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हाची गोष्ट. ती बाई सकाळी पिंपळनेरहून एसटीने धुळ्याला आली. तिच्या भावाला ट्रॅक्टरखालून काढून लोक त्याला जीपने घेऊन आधीच निघाले होते. जीप वाटेत साक्रीच्या डॉक्टरकडे थांबली, हे तिला माहीत नव्हतं. "मना भाऊ उना का?" तुम्ही रजिस्टर नीट बघितलं. नाही. अकराला ती परत येते. "भाऊ, आखो एकदाव देखा ना." "बघितलं, अक्का. नाही." "जीपमा आणेल शे त्याले." "मग दुसरीकडे नेलं असेल."

बाराला मी डबा घेऊन येते तेव्हा ती पुन्हा खिडकीत उभी आहे, भावाचं नाव सांगते आहे. नव्याने दाखल झालेल्यांच्या, वॉर्डातून आलेल्या चिठ्ठ्या तुमच्या पाठीमागे तारेत खोचलेल्या असत. जेवण झाल्यावर, हात धुऊन, तुम्ही त्या रजिस्टरात उतरवायचा. तीच पद्धत होती. तुम्ही मान वर न करता म्हणता, "नाही म्हटलं ना, अक्का. माझ्या लक्षात आहे."

ती दुसरे दवाखाने शोधायला गेली. दोनला परतली तेव्हा तुम्हीच बाहेर येऊन तिला थांबवलंत. तिचा भाऊ गेला होता. दीडपर्यंत शुद्धीत होता, असं सिस्टर म्हणाल्या. बहिणीला विचारत होता.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत तुम्ही प्रत्येक नावासाठी उठलात. ओळखीच्या माणसालाही, "थांबा, बघतो." लोक म्हणाले, नाना थकले. घरी तुम्ही आईला विचारायचा, चिठ्ठी उशिरा आली असेल का? आई म्हणायची, आली असेल. मी ताटं मांडत असायचे.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. चिठ्ठी उशिरा आली नव्हती. मी डबा ठेवला तेव्हा ती तारेत सगळ्यात वर होती. मी गाव वाचलं, नाव वाचलं. बाई खिडकीतच होती. तिच्यासमोर तुम्ही चुकलेलं मला बघवलं नसतं. मी डब्याचं झाकण काढलं आणि म्हटलं, जेवून घ्या, गार होतंय.