काट्यावरची घंटी मी बंद केली त्याबद्दल

आर्वी, १२ डिसेंबर १९८७

तीर्थस्वरूप बापूराव काकांस,
पुतणी कमलचा सप्रेम जयभीम. काकूंचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व ठीक आहे. (ठीक नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करायची, असं शाळेत शिकवलं होतं.)

आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या वजनासाठी कॉम्प्युटर आला आणि त्यावर मला बसवलं, हे तुम्ही साऱ्या देवळी गावाला सांगितलंच आहे. आता पुढचं ऐका. आधीचं यंत्र टाइपरायटरसारखं कागदावर छापायचं आणि एक नोंद झाली की घंटी वाजवायचं. नवं यंत्र पडद्यावरच 'नोंद झाली' असं दाखवतं, तरी प्रोग्राममधली जुनी घंटी तशीच राहिली. ती ठेवायची की काढायची, असं नागपूरच्या प्रोग्रामवाल्यांनी विचारलं. मॅनेजर सदाशिवराव म्हणाले, "तूच ठरव, तू शिकलेली." झालं, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी ऑफिसातल्या एकेकाला विचारलं, चहावाल्या शोभाबाईंनासुद्धा, आणि प्रत्येकाचं मत तारखेसह लिहून घेतलं. सगळे म्हणाले, काढ बाई, डोकं उठतं. म्हणून मंगळवारी मी ती एक दिवसापुरती बंद करून पाहिली.

विचारलं नाही ते एकालाच. खिडकीबाहेर वजनकाट्यावर कापसाच्या बैलबंड्या सोडणाऱ्या आमच्या बाबांना. (काट्यावरचा श्रावण माझे वडील, हे ऑफिसात मी कुणाला सांगितलेलं नाही. कामावर येताना मी पुढे चालते, ते दहा पावलं मागे. हे आपोआप झालं, असं मी स्वतःला सांगते.) बाबा खिडकीकडे पाठ करून उभे असतात. घंटी वाजली की वजन झालेली बंडी उतरवायची, पुढची चढवायची, हा त्यांचा हिशोब. त्या दिवशी घंटी वाजेचना. रांग एस.टी. डेपोपर्यंत गेली, मागचे बैल पुढच्या बंडीतला कापूस चघळू लागले. शेवटी लोकांच्या ओरड्याने बाबांनी अंदाजाने पुढची बंडी सोडली. आधीची अजून काट्यावरच होती. आत मी बाहेर न बघता दोन्हींचं मिळून आलेलं वजन एकाच बंडीच्या नावावर टाइप केलं, तीस क्विंटल कापूस, दशांश चिन्हासकट, अगदी काळजीपूर्वक. त्या दुसऱ्या बंडीचे रामाजी आकडा ऐकून ओरडले, "अजी, माह्या बैलायले बक्षीस द्या ना!" सगळे हसले. मीही हसले. मग सदाशिवराव बाहेर गेले. "श्रावण, कानात कापूस कोंबून राह्यला का?" बाबा म्हणाले, "चुकलं माहं, साहेब." घंटी मी बंद केली, एवढे चार शब्द मला खिडकीतून बोलता आले नाहीत. पडद्यावर मात्र आलं होतं, नोंद झाली.

तुमची,
कमल

ता.क. भावाची आठवण आली असं सांगून बाबा परवा तुमच्याकडे राहायला आले, ते खरं तर यामुळे. घंटी मी पुन्हा सुरू केली आहे आणि 'ठेवावी' असं नागपूरला कळवलं आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखवा, समोर बोलायचं मला धाडस नाही. कंसातलं तेवढं वगळा.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवण्याआधी सदाशिवराव साहेबांकडे जाऊन आले. घंटी मी बंद केली हे सांगितलं, आणि श्रावण माझे वडील हेही. साहेब म्हणाले, "हे तं साऱ्यायलेच माहीत हाय. तू कामाले लागली त्या दिवशी त्यानं पेढे वाटलते. वरून हात जोडून म्हणे, पोरीसमोर बोलू नोका साहेब, तिले लाज वाटते."
काका, कंसातलंही वाचा.