अर्जदारास स्वतःच्याच अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण दिल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
करवीरप्रभा अभियांत्रिकी महाविद्यालय,
कोल्हापूर.

अर्जदार : प्रा. मुबशिरा शिकलगार, गणित विभाग

विषय : प्रथम वर्षाचा एकात्मिक अभ्यासक्रम मूळ स्वरूपात शिकवू देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास प्रशिक्षणास बसविण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. सदर अभ्यासक्रम अर्जदार व भौतिकशास्त्राचे प्रा. अमरसिंह इंगवले यांनी मिळून तयार केला. मुलांनी गुऱ्हाळावर जायचे, रस आटवायच्या मोठ्या कढईची, म्हणजे काहिलीची, मापे घ्यायची, तिचे आरेखन करायचे, चुलवाणाची उष्णता मोजायची आणि त्या ओघातच कलनशास्त्र शिकायचे, अशी त्याची मांडणी होती. नेसरीची विद्यार्थिनी पूर्णिमा कॉलेज सोडून निघाली होती. काहिलीत रस किती वेगाने आटतो याचे गणित तिने स्वतः मांडले आणि ती राहिली. त्या दिवशी इंगवले सर म्हणाले, "मॅडम, ह्येच्यासाठीच मास्तर झालो की आपण." अर्जदाराने ते खरे मानले.

२. अर्जदार प्रसूती रजेवर असताना सरांनी तो अभ्यासक्रम विद्वत परिषदेपुढे एकट्याच्या नावाने मांडला. वेळापत्रकात बसेना म्हणून गुऱ्हाळ काढून टाकले व विषय पुन्हा वेगवेगळ्या तासांत वाटले. 'एकात्मिक' हा शब्द तेवढा मुखपृष्ठावर राहिला. त्याच काळात सर बाळाला बघायला पेढे घेऊन घरी आले होते. याबाबत त्यांनी अवाक्षर काढले नाही. नंतर विचारले असता म्हणाले, "नाव कुणाचं का असंना, मंजूर झालं न्हवं?"

३. पुढे 'एकात्मिक अध्यापनाचा अनुभव नसलेल्या' शिक्षकांत अर्जदाराचे नाव आले. प्रशिक्षक इंगवले सर होते. पडद्यावर अर्जदाराने काढलेली काहिलीची आकृती होती. एका शिक्षकाने विचारले, "ह्यात गणित कुठं येतं?" सर अर्जदाराकडे बघत राहिले. अर्जदार गप्प बसू शकली असती. परंतु उद्या मुलांना हेच शिक्षक शिकवणार, म्हणून तिने उठून फळ्यावर मांडून दाखवले. "मॅडमनी लगेच आत्मसात केलं बघा," असे सर सर्वांसमक्ष म्हणाले व त्यांनी उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून अर्जदारास प्रमाणपत्र दिले.

४. नावाबद्दल काही मागणे नाही. ते सरांना लखलाभ होवो. गुऱ्हाळे चालू आहेत तोवर प्रथम वर्षाची एक तुकडी अर्जदाराकडे द्यावी. ते शक्य नसल्यास 'एकात्मिक' हा शब्द तरी मुखपृष्ठावरून काढावा. इंगवले सरांना गुऱ्हाळावर यावयाचे असल्यास हरकत नाही. मात्र बसमध्ये त्यांना अर्जदाराशेजारची जागा देऊ नये, ही विनंती.

आपली आज्ञाधारक, परंतु या बाबतीत ठाम,
(सही)
मुबशिरा शिकलगार
कोल्हापूर, दि. ८ जानेवारी २०२६

सोबत : प्रमाणपत्र, मूळ प्रत (परत)