पाळण्याचं पाचवं कडवं

मंगळवार, दिवेलागण. जऊळका, माहेरी.

बारशाला म्हणायचा जुना पाळणा माय घोकून राह्यली. मराठीची मास्तरीण मी, बाळंतिणीच्या खाटेवरही अक्षरं मोजायची खोड जात नाही. दिवसाला एक कडवं, ओळीत दहा अक्षरं, शेवटी यमक, मग तेच धृपद. पण चौथ्या दिवसावरून माय थेट सहाव्यावर जाते. दरवेळी. विसरते? छे, बाकी एक अक्षर चुकत नाही.

दुपारी विचारलं, "माय, पाचवं काहून सोडतं तू?"

मायच्या हातातली बाळाच्या झोळीची दोरी थांबली. "आपल्या घरात म्हनत नाई कोनी. तुह्या आजीनं बंद केलं."

मग मीच रचलं. पाचवीला रात्रभर दिवा जपतात, म्हणून 'वात' घेतली. आधी 'लावली' होतं, पण 'वात'जवळ कानाला 'विझली'च बरं वाटलं. 'हात' आपोआप आला.

पाचव्या रात्री विझली वात,
झोळीच्या काठी कोणाचा हात

सहज गुणगुणले. माय पिठाच्या हातांनी धावत आली.

"हे तुले कोनं सांगतलं?"

कोणी नाही. दहा अक्षरं आणि यमक, एवढंच होतं माझ्याजवळ.

उद्या पाचवी. मायनं आजच झोळी सोडून घडी घालून ठेवली. बाळ मांडीवर घेऊन दिव्याजवळ बसलीय, जेवायलाही उठत नाही.